पार्बताबाईचं परतीचं तिकीट

"बाबू, माहं तिकीट तुमच्यापाशीच राहू द्या. माह्या हातून कागद हरपते."

पार्बताबाईनं हे म्हटलं त्याला चार वर्षं झाली होती. पण उद्धव बडनेऱ्याच्या तिकीटखिडकीसमोर उभा राहिला, की तो आवाज अगदी कानाच्या पाळीला लागून यायचा. पिकल्या पानासारखा मऊ, थोडा चिरकलेला. मागं वळून पाहावं तर कोणी नाही. एखादा हमाल, एखादी पेंगुळलेली शेळी. आणि खिडकीतल्या बाबूनं "किती?" म्हणून विचारलं, की उद्धवच्या तोंडून निघून जायचं, "दोन."

दुसरं तिकीट खिशातच राहायचं. ते उतरल्यावर स्टेशनच्या फाटकावर कोण देणार?

एक दिवस त्याच्या बायकोनं, कुंदानं, धुवायला कोट घेतला आणि सात कोरी पुठ्ठ्याची तिकिटं तिच्या हाताला लागली. तिनं ती चुलीपुढं ओळीनं मांडली.

"अहो, ही जोडीची तिकिटं कोणासाठी? मी तर दिवाळीपासून गाडीत पाय ठेवला नाही."

उद्धवनं चुलीत एक काडी सरकवली.

"कोणी असली तर सांगून टाका. निदान भाकरी किती थापायच्या ते तरी कळंल मले."

तो हसला नाही. तेव्हा कुंदाचंही हसू विझलं. तो म्हणाला, "वकीलसाहेबांकडं माझा प्रवासखर्च बाकी आहे. अकोल्याच्या खेपेचा. तो डोक्यातून जात नाही."

"चार वर्षांपूर्वीचा?"

"हो."

"मग जाऊन घेऊन या. बाकी राहिलेलं देणं-घेणं मानगुटीवर बसते, असं आमची आजी म्हणे."

उद्धवनं अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं अर्धं ट्रंकेच्या तळाशी होतं: एक बिल, आणि बिलाच्या घडीत एका परतीच्या तिकिटाचा उरलेला अर्धा तुकडा. अकोला ते अंजनगाव सुर्जी.

तेव्हा तो अमरावतीला कमलाकांत वकिलांकडं कारकून होता. साक्षीदारांना गावाहून आणायचं, कोर्टात उभं करायचं, परत पोचवायचं, हे त्याचं काम. वकिलांचा एक नियम होता. फाटकावर तिकीट द्यायच्या आधी त्याचा नंबर वहीत उतरवायचा. नंबर असेल तरच खर्च मंजूर. आणि तिकीट हातातच उरलं असेल, तर तो प्रवास झालाच नाही, त्याचा पैसा मागायचा नाही. उद्धवला हा नियम तोंडपाठ होता. तो अभिमानानं नव्या कारकुनांना सांगायचा.

सन एकतीसमध्ये, कोर्टाच्या उन्हाळी सुट्टीला आठ दिवस उरले असताना, त्यानं अंजनगावाहून पार्बताबाईला आणलं. पानमळ्यात राबणारी माळ्याची विधवा, साठीची. खुशालराव नावाच्या अशिलाचा रामरावाशी विहिरीवरून वाद होता, आणि विहीर खुशालरावाच्या बापानं खणली असं तिनं सांगायचं होतं. तिला तसं पढवलंही होतं. अरुंद रुळांच्या लहान गाडीत बाक रिकामा असून ती खाली बसली. ओल्या फडक्यात पानांचा एक पुडा तिनं मांडीवर जपून धरला होता.

"हे कोणासाठी, आक्का?"

"मोठ्या सायेबासाठी. रिकाम्या हातानं कसं जावं कोनाच्या दारी?"

"कोर्टात असं चालत नाही."

"मंग तुमी ठेवा," असं म्हणून तिनं पुडा त्याच्या पिशवीत टाकला. तिकीट तर तिनं आधीच त्याच्याकडं दिलं होतं. मग खिडकीबाहेरच्या काळ्या रानाकडं पाहत ती गाडीच्या पोटातल्या निखाऱ्यांवरची एक ओवी आपल्याशीच गुणगुणली:

"आगीनगाडी बाई, हिच्या पोटात इंगय,
लेकीच्या वाटेवर, माहं ध्यान गं सगयं."

दुसऱ्या दिवशी ती अकोल्याच्या कोर्टात पिंजऱ्यात उभी राहिली. शपथ घेतली. पढवलेलं सगळं त्या शपथेत वाहून गेलं. ती म्हणाली, "विहीर रामरावच्या बापानं खनली. मी डोईवर माती उचलली तिथली. मले नाही ठाऊक त कोनाले ठाऊक?"

बाहेर आल्यावर खुशालराव थुंकला आणि निघून गेला. वकीलसाहेब नुसते हसले. "उद्धव, चल. गाडीची वेळ झाली."

"साहेब, आक्का..."

"हरिश्चंद्राला गाडी लागत नाही. येईल पायांनी."

तेव्हा उद्धव बोलू शकला असता. तिकीट तिच्या हातात ठेवू शकला असता. दहा पावलांचं अंतर. पण साहेब पाहत होते, आणि नोकरी तिसऱ्या वर्षाची होती. तो पार्बताबाईकडं गेला, तिला लिंबाखाली बसवलं आणि म्हणाला, "आक्का, बसा इथं. मी टांगा घेऊन येतो."

"या बाबू, सावकाश या," ती म्हणाली. "मले काही घाई नाही."

अकोल्याच्या फाटकावर त्यानं खिशात हात घातला तेव्हा बोटांना दोन पुठ्ठे लागले. त्यानं एकच पुढं केला.

घरी पिशवी उघडली तर पानं काळी पडली होती.

ती किती वेळ बसली कोण जाणे. तिसऱ्या दिवशी दर्यापूरच्या अलीकडं, एका कोरड्या नाल्याच्या काठी सापडली. उन्हानं गेली. अंजनगावच्या पाटलानं वकिलांना पत्र लिहून विचारलं, की बाई पायी कशी निघाली? साहेबांनी उत्तर सांगितलं आणि उद्धवनं आपल्या वळणदार अक्षरात ते उतरवलं: 'सदर बाईस परतीचा खर्च रोख दिला होता. पैसे वाचविण्याकरिता तिने पायी जाणे पत्करले असावे.' शाई वाळली, पत्र टपालात पडलं, आणि त्याच संध्याकाळी उद्धव कोट घालून बाहेर पडला तो पुन्हा त्या कचेरीत गेला नाही. बडनेऱ्याच्या एका सरकी गिरणीत नोकरीला लागला. खर्चाचं बिल कोटातून ट्रंकेच्या तळाशी गेलं.

तर आता ते बिल घेऊन तो अमरावतीला अंबापेठेत गेला. उन्हं कलली होती. कमलाकांत वकील ओसरीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. केस पांढरे झाले होते, पण हसणं तेच.

"ये बाबा, ये! रागावून गेलेला जावई आणि रागावून गेलेला कारकून, दोघं परत येतातच. काय, खर्च?"

"हो साहेब."

त्यांनी बिल चष्म्याजवळ धरलं. नियमाप्रमाणं एकेक ओळ वाचली, मान डोलावली. शेवटच्या ओळीवर अडकित्ता थांबला. 'पार्बताबाई, परतीचे तिकीट.'

"याचा नंबर?"

उद्धवनं तिकिटाचा तुकडाच त्यांच्यापुढच्या पाटावर ठेवला.

"अरे! तिकीट हातात, म्हणजे प्रवास झाला नाही. नियम माझा, पण पाळायचास तूच." त्यांनी टाक उचलला, ओळीवर आडवी रेघ मारली आणि उरलेल्या ओळींचे पैसे मोजून पाटावर ठेवले. "बाकीचे घेऊन जा. मी कोणाचं ठेवत नाही."

"साहेब, मले बाकीचे नकोत. ही एक ओळ मंजूर करा."

"का रे? सगळ्यात लहान रक्कम तर तीच."

"ती ओळ मंजूर झाली, म्हणजे तिचं तिकीट काढलं होतं हे तुमच्या सहीनं राहील."

वकील सुपारीचं खांड दाढेखाली धरून सावकाश म्हणाले, "खर्च रोख दिल्याचं पत्र पाटलाकडं आहे. तुझ्या अक्षरात. आता म्हणतोस तिकीटही काढलं होतं. एका वाटेचे पैसे दोनदा कसे लागतील? दोन कागद आहेत, उद्धव. एक खोटा आहे. कोणता?"

पायऱ्यांजवळ कोणीतरी उभं आहे, पानाचा ओला वास येतोय, असं उद्धवला वाटलं.

"पत्र," तो म्हणाला.

"मग ते मला काय सांगतोस? मला ठाऊकच आहे." साहेब हसले. "ज्यांना पत्र गेलं त्यांना जाऊन सांग. जमेल?"

साहेबांनी तो टोमणा मारला होता, पण उद्धवनं तो मनावर घेतला. त्यानं पाटावरचे पैसे उचलले, तिकिटाचा तुकडा उचलला आणि पायऱ्या उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बडनेऱ्याच्या खिडकीशी तो वकिलाचेच पैसे घेऊन उभा राहिला. कानाशी आवाज आला. "बाबू, माहं तिकीट..."

"किती?" आतून विचारलं.

"अंजनगाव. एक," उद्धव म्हणाला. "दुसरं आहे माझ्यापाशी."

पाटलाकडं जाण्याआधी तो पार्बताबाई राबायची त्या गावाबाहेरच्या मळ्याकडं वळला. पानमळ्यात पायताण घालून जात नाहीत. त्यानं चपला कुंपणाबाहेर काढल्या. आत हिरवा अंधार होता, देवळातल्यासारखा गार. वेलींच्या ओळीत एक बाई पानं खुडून टोपलीत टाकत होती. वच्छला, पार्बताबाईची लेक. आईसारखी हनुवटी पाहून त्यानं ओळखलं.

"कोन? पानं पाह्यजेत?"

"नाही, ताई. तुमच्या आईबद्दल बोलायचं होतं."

तिचे हात थांबले नाहीत. "काय बोलाचं? माय दोन रुपड्यासाठी जिवानं गेली. गाव अजून मले म्हनते, चिक्कू मायची लेक. सासूनं लय दिवस टोचलं. तिच्या एवढ्या ओव्या मले येत होत्या, पन म्या तोंडातून काहाडल्या नाही मंग. काहून म्हनाव? तिले माह्यापरीस पैसा प्यारा."

वेलीवरून पाण्याचा एक थेंब उद्धवच्या मानेवर पडला.

"पन एक गोष्ट सांगू का तुमाले?" वच्छला आता त्याच्याकडं वळली. "तिचा पदर म्या सोता पाह्यला. माय पैसा हातात घेतला का आधी पदराले गाठ मारे. मंग दुसरं काम. त्या दिवशी पदराले गाठच नोती. सोडेलही नाही, चुरगयेलही नाही. लोक म्हनते चोरानं नेले. मंग गाठीचा मोड त राह्यला असता ना? चार वर्सं झाली, मी हेच इचार करून राहिली. तुमी कोन? तुमाले ठाऊक हाय का काही?"

तिच्या बोटांत एक पान तसंच राहिलं होतं. उद्धवनं खिशातून तो पुठ्ठ्याचा तुकडा काढला आणि टोपलीतल्या पानांवर ठेवला.

"ताई, तुमच्या मायले कोणी पैसे देल्लेच नाहीत. तिचं तिकीट माह्या खिशात होतं. मी तिले लिंबाखाली बसवलं, टांगा आणतो म्हटलं, आणि गाडीत जाऊन बसलो. अन् तिनं पैसे वाचवले असं ते पत्र, ते माह्या हातचं हाय."