फोटोत मधे सोडलेली जागा

बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला घरच्या जुन्या फोटोंचा सिनेमा करायची टूम दादाच्या डोक्यातून निघाली, आणि सुरुवातीला त्यावर सगळ्यात जास्त नाचले ती मीच. पुढे मी अचानक बदलले, असं दादा सगळ्यांना सांगत असतो. मी बदलले नाही. सिनेमा बदलला.

मी शाळेची बस चालवते. मुलांना सोडून आलं की पुन्हा आणायला जाईपर्यंत बस झाडाखाली उभी करून मी मोबाइलवर हेच उद्योग करायचे. दादाने एका वेबसाइटवर सगळ्या घराचं मिळून खातं उघडलं होतं. तिथे जुना फोटो टाकला की ओरखडे जायचे, काळ्यापांढऱ्यात रंग भरायचे. वंशवृक्षही तिथेच तयार व्हायचा, नावं भरली की फांद्या आपोआप फुटायच्या. बाबांचे एक चुलत आजोबा, ज्यांचं नाव घरात कोणी घेत नसे, ते तिथे दोन बायकांसकट सापडले आणि आमची हसता हसता पुरेवाट झाली. माझ्या नावापुढे मात्र ती वेबसाइट रोज विचारायची, जोडीदाराची माहिती अपूर्ण आहे, आता भरायची का? शेवटी मी त्या चौकटीत लिहून टाकलं, ‘पूर्ण आहे. पुन्हा विचारू नये.’ झाडावर ते अजून तसंच दिसतं. वहिनीला ते बरं वाटत नाही. मला वाटतं.

आता आईच्या फोटोंबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यावरूनच झालं.

आई टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. घरातला कॅमेरा तिचा, तिच्या पगारातून घेतलेला, आणि त्याला दुसऱ्या कोणी हात लावायची सोय नव्हती. दुकानदाराने तिला एकच गोष्ट शिकवली होती, सूर्य पाठीशी ठेवायचा. तेवढं तिने ब्रह्मवाक्य मानलं. त्यामुळे आमच्या प्रत्येक फोटोत खालून तिची लांब सावली येते. कॅमेरा डोळ्याला लावला की तिची दोन्ही कोपरं बाहेर यायची, म्हणून सावली दोन कानांच्या पातेल्यासारखी दिसायची. त्या सावलीवर पाय पडलेला तिला खपत नसे. “आधी माझ्या डोक्यावरून उतरा,” असं ती ओरडली की आम्ही सरकायचो. एकीकडे बाबा, दुसरीकडे आम्ही दोघं, आणि मधे तिच्या सावलीच्या डोक्यापुरती जागा. फोटो धुऊन आले की बाबा आधी खालची कड बघायचे. “आली बरं का बाई,” म्हणायचे, आणि मगच आमच्या चेहऱ्यांकडे वळायचे.

आईचा चेहरा असलेला फोटो आमच्याकडे एकच आहे, ऑफिसच्या ओळखपत्रावरचा. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

वाढदिवसाला आठवडा उरला असताना दादाने मला घरी बोलावलं. सिनेमा तयार झाला होता. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आम्ही तिघं बसलो, आणि पहिलाच फोटो आला तो समुद्रावरचा. मी लहान, एका पायात चप्पल, भोकाड पसरलेलं. शेजारी दादा वैतागलेला. आणि मधे एक बाई. गोरीपान, कोरलेल्या भुवया, सरळ दात, बाबांच्या खांद्यावर हात. माझ्या रडण्याचं तिला काहीही नव्हतं, ती गोड हसत होती. मग तिने मान वळवली आणि पापण्यांची उघडझाप केली. खालची वाळू केरसुणी फिरवल्यासारखी स्वच्छ होती.

ही कोण, म्हणून मी विचारलं. मला ठाऊक नव्हतं असं नाही.

दादा खुशीत होता. ओळखपत्रावरच्या फोटोवरून वेबसाइटने आई बनवून दिली होती, हलणारीसुद्धा. सफाईचं एक बटण दाबलं की डाग, बोटं, सावल्या सगळं आपोआप निघून जातं, हे तो मला समजावून सांगायला लागला. पुढच्या प्रत्येक फोटोत तीच बाई, तेच हसू. दादा म्हणाला, सगळ्या फोटोंत मधली जागा आयती रिकामी होती, त्यामुळे आई अगदी चपखल बसली.

“ती जागा रिकामी नव्हती,” मी म्हणाले.

मग आमचं जुंपलं. बसमध्ये चाळीस पोरांवर आवाज चढवून माझा गळा तयार झालेला आहे, त्यामुळे शेजाऱ्यांनाही सिनेमाची गोष्ट कळली असावी. त्या दिवशी चप्पल लाटेत गेली तेव्हा आईने आधी फोटो काढला, मग आयुष्यात एकदाच कॅमेरा बाबांच्या हाती दिला आणि कपड्यांसकट पाण्यात शिरून चप्पल काढून आणली. माझी आई ती. ही कानामागून आलेली बाई हसत उभी राहते आणि हिच्यासाठी आईला वाळूवरून पुसून टाकायचं? वहिनीचं म्हणणं पडलं की फोटोत सावली येणं ही चूकच असते, कोणीही सांगेल. दादा म्हणाला, सिनेमा वंशवृक्षावर कायमचा चढवायचा आहे, पुढच्या मुलांनी विचारलं आजी कुठे, तर काय जमिनीकडे बोट दाखवायचं?

“हो. जमिनीकडेच दाखव.”

तो लॅपटॉपकडे बघतच म्हणाला, “मला तिचा चेहरा हवा होता. माझ्या एकाही फोटोत ती माझ्या शेजारी नाही.”

खोटं कशाला बोलू. मलाही तो चेहरा हवा होता. तो मिळत असता तर मी बसच्या काचेवर चिकटवला असता. पण मिळत होता तो दुसऱ्याच कोणाचा, आणि पोरांनी तिला आजी म्हणावं हे मला मान्य नव्हतं. मी तसं सांगितलं. सिनेमा हाच दाखवणार, तमाशा करू नकोस, असं दादाने बजावलं. करणार, असं मीही बजावलं, आणि मूळ फोटोंचा अल्बम काखेत मारून निघाले. तसाही तो त्याला आता अडगळच वाटत होता.

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी बाहेरच्या खोलीत नातेवाईक दाटीवाटीने बसले. बाबा पुढच्या खुर्चीत, इस्त्रीच्या शर्टात. समुद्राचा फोटो आला, बाईने मान वळवली, आणि मावशीने कौतुकाने टाळी वाजवली. बाबा मात्र पुढे वाकले होते. ते टीव्हीची खालची कड बघत होते. दुसऱ्या फोटोलाही तसंच. तिसऱ्याला ते उठून टीव्हीजवळ गेले आणि गुडघ्यावर हात टेकून खाली शोधायला लागले. दादाला वाटलं चित्र कापलं जातंय, तो रिमोट दाबत राहिला.

बाबांचं डोकं शाबूत आहे, चेष्टेखोर स्वभावही शाबूत आहे. पण आत्ता ते चेष्टा करत नव्हते.

“या बाईंना बाजूला व्हायला सांगा,” ते म्हणाले. “हिच्या डोक्यावर उभ्या आहेत त्या.”

मी उठले आणि टीव्हीचा प्लग ओढला. तमाशा म्हणतात तो एवढाच. मग पिशवीतून अल्बम काढून बाबांच्या मांडीवर ठेवला. पहिल्याच पानावर ते “आली बरं का बाई” म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. अल्बम हातोहात फिरला. दादाने तो घेतला नाही. लॅपटॉपची वायर गुंडाळत तो कोपऱ्यात उभा राहिला.

ऊन कलायला लागल्यावर मी सगळ्यांना गच्चीवर घेऊन गेले, एक घरचा फोटो हवा म्हणून. दादा सगळ्यात शेवटी आला, तोंड पाडून. मी सूर्य पाठीशी घेतला आणि मोबाइल मुद्दाम दोन्ही हातांनी डोळ्यापाशी धरला. माझी सावली गच्चीच्या फरशीवरून लांबत पार त्यांच्या पायांपाशी गेली.

“तुझी सावली येतेय,” दादा म्हणाला. “त्या बाजूने काढ.”

“येऊ दे.”

त्याने पुन्हा सांगायला तोंड उघडलं आणि खाली पाहिलं. त्याच्या बुटांपाशी दोन कोपरं बाहेर आलेली होती. तो बराच वेळ तिकडे बघत राहिला. माझे हात अवघडले, पण मी हलले नाही. मग त्याने पाय उचलला, एक पाऊल बाजूला टाकलं, आणि वहिनीला दंडाला धरून जवळ ओढलं.

“सरक,” तो तिला म्हणाला. “तिच्या डोक्यावर उभी आहेस.”

बाबा दुसऱ्या बाजूला सरकले. मधे जागा झाली. मी कोपरं आणखी थोडी बाहेर काढली आणि बटण दाबलं.