तलवार उशिरा का फिरली

मी कंट्रोलर बोलतोय. हो, तोच, दोन मुठींचा, गेम खेळायचा. घरातल्या जोॲनबाई मला ‘रिमोट’ म्हणतात तेव्हा डोकंच फिरतं माझं. अहो, रिमोट चॅनल बदलतो, मी तलवार चालवतो!

जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला, पण जग पाहिलं ते अंधेरीच्या मरोळ गावठाणात, हर्बर्ट आणि जोॲनच्या घरी. त्यांची लेक यव्होन माझी मालकीण. नवे गेम खेळून ते कसे आहेत हे ती आपल्या मराठी चॅनलवर रोखठोक सांगते. व्हिडिओ तयार करायला मित्र सुबोध असतो. पोरीची जीभ आमच्या ईस्ट इंडियन घरातल्या बाटली मसाल्यासारखी तिखट, पण खोटं बोलणार नाही.

मध्यंतरी तिचा लहानपणीचा लाडका गेम टीव्हीला जोडलेल्या आमच्या कन्सोलसाठी नव्याने बनून आला. रिमास्टर म्हणतात त्याला. गोष्ट तीच, चित्रं मात्र चकाचक. शत्रूचा वार येतो नेमक्या त्याच क्षणी बटण दाबलं तर तो अडतो, यातच त्याची सगळी मजा. बाकीच्या समीक्षकांनी गेम डोक्यावर घेतला होता. यव्होन पहिल्याच लढाईत मेली. पुन्हा खेळली, पुन्हा मेली. बटण ती वेळेवर दाबत होती, हे मी छातीठोकपणे सांगतो. पण पडद्यावर तलवार उशिराच फिरायची.

“हा कंट्रोलर गेला कामातून,” सुबोध म्हणाला. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. यव्होनने मैत्रिणीचा कंट्रोलर आणून पाहिला, तर तोच प्रकार. मग तिचा सगळा राग गेमवर निघाला. ‘रिमास्टर कसला, वाट लावली!’ असा व्हिडिओ तिने टाकला आणि पब्लिक बघायला तुटून पडलं. बाकी सगळे विकले गेलेत, एकटी यव्होन खरं बोलते, असं लोक लिहायला लागले. एवढी वाहवा तिला कधीच मिळाली नव्हती.

हुरूप आला ना पोरीला! जुना गेम किती चपळ होता ते दाखवायचं म्हणून तिने माळ्यावरचा जुना कन्सोल काढला आणि त्याच टीव्हीला जोडला. आणि काय सांगू, तिथेही तलवार उशिरा! जो गेम ती डोळे मिटून खेळायची, त्यात पहिल्याच वाराला आडवी. यव्होनचा चेहरा पांढराफटक पडला.

“डॅडी, टीव्हीला काय केलंस?”

“केलं ना!” हर्बर्ट खुशीत म्हणाले. “तुझ्या भावाच्या, कार्लच्या लग्नाचा व्हिडिओ बघत होतो. लग्नाआधी विहिरीवर उंबराचं पाणी आणायला निघालेल्या बायकांची लाल लुगडी गुलाबी दिसत होती गं. मग मी सेटिंगमध्ये जाऊन सिनेमा मोड लावला. आता बघ, कसा झकास लाल दिसतो!”

झालं! त्या मोडमध्ये टीव्ही प्रत्येक चित्र नटवून-सजवून मगच दाखवतो. लग्नाच्या व्हिडिओला त्याने काय फरक पडणार? लढाईत मात्र तेवढ्या उशिराने मुंडकं उडतं. यव्होनने गेम मोड लावला आणि तलवार माझ्या बटणासरशी फिरली. मला एवढा आनंद झाला! तिने मात्र मला खाली ठेवलं आणि डोकं धरून बसली.

“गप बस यार,” सुबोध म्हणाला. “कोणाला कळणार आहे? थोड्या दिवसांनी म्हणू, कंपनीने गेम सुधारला.”

“म्हणजे चूक त्यांची होती असंच ना? त्यांची नव्हती. माझी होती.”

“चॅनल बसेल आपलं.”

“बसू दे. खोटं बोलून नाही चालवायचं मला.”

मग ती अख्खा गेम पहिल्यापासून खेळली. मला क्षणाची उसंत दिली नाही. कॅमेरा कोपऱ्यात अडकतो, संगीतातला जुना दम गेलाय, हे तिने नव्या व्हिडिओतही ठणकावून सांगितलं. चूक कबूल केली म्हणून उगाच गोड बोलली नाही. पण सुरुवातीलाच म्हणाली, “माझं चुकलं. गेम चांगला आहे.” जुना व्हिडिओ पुसलाही नाही, त्यावर आपली चूक लिहून तसाच ठेवला.

कालपर्यंत वाहवा करणारेच विचारू लागले, “कंपनीकडून किती घेतलेस गं?” कितीतरी जण चॅनल सोडून गेले. “कशाला गो अंगावर ओढून घेतलंस?” जोॲनबाई कळवळल्या. यव्होन रडली, मी पाहिलंय. मग नाक पुसून तिने पुढचा गेम लावला.

आता मी थकलोय. पात्राला चालवणारी माझी डावी काडी आपोआप सरकते, कुणी हात न लावता गेममधली नायिका भिंतीला जाऊन धडकते. काल यव्होनने टीव्ही तपासला, वायर बदलली, कन्सोल बंद करून चालू केला, आणखी एक गेम लावून पाहिला. शेवटी मला ओंजळीत घेऊन हळूच म्हणाली, “सॉरी रे. या वेळी तूच आहेस.”

मला फेकू नका, एखाद्या खणात पडू द्या, एवढंच मागणं आहे. बाकी तक्रार नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. पण हा निकाल यव्होनने दिलाय. मला मान्य आहे.