साडेदहाची शिकवणी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे आणि सध्या माझं डोकं ठिकाणावर नाही. माझ्यासमोर पाच महिने जे चाललं, ते ऐका म्हणजे कळेल.

लातूर जिल्ह्यातल्या मुरुडजवळच्या एका शाळेत मी तीस वर्षं भिंतीवर होतो. हणमंतराव सर माझ्यावर गणित शिकवायचे. वर्गात नवीन मूल आलं, मग ते शेजारच्या नायगावचं असो की ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेलं, सर त्याचं नाव माझ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे. सगळा वर्ग ते तीनदा मोठ्यानं म्हणायचा. मग सगळ्यात बडबड्या पोराशेजारी त्याला बसवायचे. "आज धडा न्हाई. आज ह्याच्यासंगं बोला," म्हणायचे. मधल्या सुट्टीपर्यंत त्या मुलाचं रडू थांबलेलं असायचं. मला सरांचा फार अभिमान होता.

शाळेत पांढरे फळे आले, तेव्हा सरांनी मला ऑटोवर बांधून लातूरला घरी आणलं. वाटलं, आता विश्रांती.

कसली विश्रांती! सरांची मुलगी राजश्री नवऱ्याच्या नोकरीपायी मेलबर्नला गेली. तिची दहा वर्षांची सृष्टी तिकडच्या शाळेत जाऊ लागली. परत आले तर पाया कच्चा नको, म्हणून सरांनी रोजची शिकवणी सुरू केली. फोन तांब्याला टेकवायचा आणि समोर मी. आपल्याकडे सकाळचे साडेदहा, तिकडे दुपारचे चार. शाळा सुटली की बाकीची पोरं मैदानावर जायची आणि ही बिचारी पळत घरी यायची, माझं काळं तोंड बघायला.

राजश्री एकदा म्हणाली, "आबा, तिच्या बाई म्हणायल्यात, शाळा सुटल्यावर तासभर मैदानावर राहू द्या. मैत्री तिथंच जमती."

"खेळून कोण डॉक्टर झालंय?" सर म्हणाले आणि माझ्यावर अपूर्णांक लिहू लागले.

असा संताप आला की खिळ्यावरून निसटून त्यांच्या पायावर पडावं. पण खिळा त्यांनीच ठोकलेला, जागचा हलेना.

मग एक दिवस सरांनी माझ्यावर भाकरी काढली. "समज, तू अन् तुझ्या शेजारची पोरगी अर्धी अर्धी भाकरी खायलाव. काय नाव तिचं?"

सृष्टी पेन्सिलीला टोक करू लागली.

"अगं, नाव सांग की."

"माहीत न्हाई, आबा. मी कोणासंगंच बोलत न्हाई. डबापण एकटीच खाते."

शेकडो परक्या पोरांची नावं माझ्यावर लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या नातीसाठी तेवढं सुचलं नव्हतं. माझा राग आहे तो याचाच.

सरांनी भाकरी पुसली आणि लिहिलं, 'सृष्टी आणि', आणि पुढची जागा मोकळी ठेवली. "शिकवणी बंद. उद्यापासून मैदानावर जायचं. हितं लिहायला एक नाव आण."

तीन दिवस जागा मोकळीच राहिली. सर साडेदहाला सवयीनं येऊन बसायचे आणि माझ्याकडे बघायचं टाळायचे.

चौथ्या दिवशी बारा वाजता फोन आला. सृष्टीला धाप लागली होती, गुडघा खरचटला होता.

"मेई, आबा. तिचं नाव मेई."

सरांनी ते मोठ्या अक्षरात लिहिलं. मग त्या रिकाम्या खोलीत एकट्यानंच तीनदा मोठ्यानं म्हटलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला टाकू नका, वापरा. मी म्हणतो, मला वापरू नका. पाच महिने गेले ते गेलेच, त्याचा राग मी सोडणार नाही. तुमच्या वर्गात नवीन मूल आलं तर आधी त्याचं नाव विचारा. आणि माझ्यावरचं हे नाव कुणी पुसू नका.