येफ्रीचा भाव

आमच्या प्रेअरी बेंडमध्ये ऑर्विलचा चेहरा ओळखणाऱ्यांपेक्षा त्याचा आवाज ओळखणारे जास्त आहेत. दर मंगळवारी संध्याकाळी रेडिओवर गस हॉलोरनचा बेसबॉलचा कार्यक्रम लागतो. लोक फोन करून शहरातल्या मोठ्या संघाला अक्कल शिकवतात, आणि त्यात माझा नवरा आघाडीवर. "गस, बेंडवरून ऑर्विल बोलतोय," एवढे शब्द कानावर पडले की पेट्रोल भरणारी माणसंसुद्धा आवाज वाढवतात आणि हसायची तयारी करतात. मी आयुष्यभर शाळेची बस चालवली, चाळीस पोरांचा कालवा ऐकला, पण या एका माणसाच्या तोंडाचा पट्टा मला कधी थांबवता आला नाही.

जुलै आला की त्याचं म्हणणं एकच. पोरं द्या, पिचर आणा.

आमच्या गावचा बेसबॉल संघ, पॅडलर्स, म्हणजे मोठ्या संघाची रोपवाटिका. कोवळी पोरं इथे येतात, घडतात, आणि नशिबात असेल तर वर शहरात जातात. पण मोठ्या संघाला विजेतेपदाचा वास लागला की तो धीर धरत नाही. यातली दोन-चार गुणी पोरं उचलून दुसऱ्या संघाला देतो आणि बदल्यात एखादा नावाजलेला, तयार खेळाडू घेतो, बहुतेक वेळा पिचर, म्हणजे बॉल फेकणारा. जुलैच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता हा बाजार बंद होतो. तोपर्यंत आख्खं गाव भांडत असतं, पोरं राखावीत की द्यावीत.

"ही पोरं पुढच्या वर्षी चमकणार म्हणे," ऑर्विल रेडिओवर गरजायचा. "गस, मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हापासून पुढच्या वर्षाची वाट बघतोय. माझे दोन्ही गुडघे बदलून झाले, तरी ते काही आलं नाही. द्या ती सगळी पोरं, आणि या वर्षी जिंका."

मी म्हणायची, अरे, ती कुणाची तरी लेकरं आहेत, बटाटे नाहीत पोत्यातले. त्यावर तो म्हणायचा, "अर्डिस, तुला खेळातलं कळत नाही." मी नाक मुरडायची.

या वसंतात चर्चमध्ये कुणीतरी विचारलं, पॅडलर्सच्या पोरांना राहायला घरं हवी आहेत, कोण ठेवून घेईल? आमची लेक कॅरिन ऑरेगनला गेल्यापासून तळघरातली खोली रिकामीच होती. मी हात वर केला. ऑर्विल घरी येईपर्यंत कुरकुरत होता. "विकायचा माल कुणी घरात ठेवतं का?"

आणि येफ्री आला. डोमिनिकन, विशीचा, काटक, शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये, बॉल अडवायला उभा राहणारा. त्याच्या बाजूने बॉल निघून जाणं म्हणजे आमच्या गावात बातमी. पहिल्याच सकाळी त्याने माझ्या बिडाच्या तव्यात हिरवी केळी चेपून तळायला घेतली. एवढा धूर झाला की छताला लावलेला धुराचा भोंगा केकाटला आणि ऑर्विल नुसत्या चड्डी-बनियनवर अंगणात धावला. शेजारचे पेडरसन अजून तो प्रसंग सांगतात.

"मिस अर्डिस, माफ करा," येफ्री ताटली पुढे करून म्हणाला. "आधी एक खाऊन बघा. मग ओरडा."

मी एक खाल्लं. मग ओरडायचं राहून गेलं.

त्याच्या बॅगेत डॉमिनोची एक लाकडी पेटी होती. संध्याकाळी पुढच्या ओसरीवर तो आणि ऑर्विल सोंगट्या मांडून बसायचे. आमच्याकडे पत्ते खेळतात ते चर्चमध्ये बसल्यासारखे. येफ्री सोंगटी अशी आपटायचा की माझ्या लिंबू सरबताचा ग्लास उडायचा. महिन्याभरात ऑर्विलही आपटायला लागला.

"मिस्टर ऑर्विल, झोपलात का? तुमची पाळी आहे."

"गप रे. विचार करतोय."

"मग मी अंघोळ करून येतो. जेवतो पण."

"जास्त बोलशील तर आज तुला मका मिळणार नाही."

"मका मिस अर्डिसचा आहे. तुमचं या घरात काय आहे, मिस्टर ऑर्विल?"

त्यावर ऑर्विल इतका हसला की खोकला लागला. मी जाळीच्या दाराआडून बघत होते. कॅरिन गेल्यापासून ओसरीवर असं हसणं झालं नव्हतं, आणि मला ते फार फार बरं वाटलं.

जूनपासून ऑर्विलचे रेडिओवरचे फोन कमी झाले. मी विचारलं तर म्हणाला, घसा बसलाय. घरात मात्र त्याचा घसा ठणठणीत होता.

आणि नेमकं याच वर्षी मोठ्या संघाचं बस्तान बसलं. जुलै संपत आला तरी दुसऱ्या क्रमांकावर टिकून. आता फक्त एक डावखुरा, पक्का पिचर हवा. पश्चिमेकडच्या एका संघाकडे स्टोडार्ड नावाचा असा पिचर होता, आणि ते लोक त्याला सोडायलाही तयार होते. वर्तमानपत्रात आलं, त्यांना बदल्यात बेंडचा शॉर्टस्टॉप हवा आहे.

ज्या वर्षासाठी ऑर्विलने जन्मभर घसा कोरडा केला, ते वर्ष दारात उभं होतं, आणि ते येफ्रीला मागत होतं. त्या दिवशी ऑर्विल न्याहारीचं अंडं तसंच टाकून उठला.

बाजार बंद व्हायच्या आदल्या दिवशी मंगळवार होता. येफ्री सरावाला गेला होता. मी स्वयंपाकघरात मक्याची कणसं सोलत होते. ऑर्विल फोन घेऊन गॅरेजमध्ये गेला आणि त्याने दार लावून घेतलं. तेवढ्यात रेडिओतून त्याचाच आवाज आला.

"गस, बेंडवरून ऑर्विल बोलतोय."

"अरे, आहेस का तू? मला वाटलं मासे धरायला गेलास तो तिकडेच राहिलास. या वर्षी तरी तुझ्या मनासारखं होणार बघ. पोरगा जाणार, स्टोडार्ड येणार."

"त्या पोराच्या बदल्यात कोण देतो स्टोडार्ड?"

"का रे?"

"मी बघतो ना त्याला रोज. बॉल खाली आणि बाहेरच्या बाजूला टाकला की खेळ खलास. बॅट नुसती हवेत. सकाळी दहापर्यंत लोळतो. खातो बैलासारखा. पाय पण जड झालेत. एवढ्या किमतीचा नाहीये तो, गस. पश्चिमेकडचं कुणी ऐकत असेल तर त्यांनी दुसरा पोरगा बघावा."

कणीस माझ्या हातात तसंच राहिलं. त्याचा डाव माझ्या लगेच लक्षात आला. मालाला खोड काढायची म्हणजे गिऱ्हाईक आपोआप परत जातं, असा त्या शहाण्याचा हिशोब. पन्नास तज्ज्ञ आणि खोलीभर संगणक पदरी बाळगणारा संघ बेंडच्या रेडिओवर एका म्हाताऱ्याचं ऐकून माघार घेणार होता म्हणे.

ऑर्विल गॅरेजमधून मिशीला पीळ दिल्यासारखा बाहेर आला. त्याला मिशी नाही, पण तोरा तोच.

"कसं वाटलं?"

"ऑर्विल, पॅडलर्सच्या कपडे बदलायच्या खोलीत मंगळवारी रेडिओवर काय लावतात?"

त्याचा चेहरा उतरला. ते आम्हाला येफ्रीनेच सांगितलं होतं. पोरं खास ऑर्विलसाठी गसचा कार्यक्रम लावायची आणि मग त्याची नक्कल करायची.

येफ्री जेवायला आला. मका खाल्ला, ताटली धुऊन ठेवली. "थँक्यू, मिस अर्डिस," म्हणाला. ऑर्विलने ओसरीवर सोंगट्या मांडून ठेवल्या होत्या.

"एक डाव होऊ दे," ऑर्विल म्हणाला.

"नको, मिस्टर ऑर्विल. मला झोपायचंय. सकाळी दहापर्यंत."

तो तळघरात गेला. मी ऑर्विलला ढोसलं. "जा खाली. सांग त्याला."

"काय सांगू? खोटं बोललो म्हणून?"

"हो. तेच सांग."

तो अर्ध्या जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. रेडिओवर कुणाच्या बापाला न घाबरणारा माणूस स्वतःच्या घरातल्या एका दाराला घाबरला. मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सामना होता. तिसऱ्या बेसमागे आमच्या नेहमीच्या जागा. मैदानात उतरताना येफ्री आमच्याकडे बघून टोपीला हात लावतो, ते त्याने त्या दिवशी केलं नाही. ऑर्विलने घेतलेलं सँडविच मांडीवरच राहिलं.

पाचव्या इनिंगला येफ्री बॅटिंगला आला. पिचरने बॉल टाकला तो खाली, आणि बाहेरच्या बाजूला.

"सोड," ऑर्विल पुटपुटला.

येफ्रीने सोडला नाही. वाकून, हात लांबवून त्याने तो असा उचलला की बॉल उजव्या कुंपणावरून, टायरवाल्याच्या जाहिरातीवरून पलीकडे गेला. लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. येफ्री धावत तिसऱ्या बेसला आला, तिथे थोडा रेंगाळला आणि त्याने थेट ऑर्विलकडे बघितलं. हसला नाही.

पुढच्या इनिंगला त्याच्या जागी दुसराच पोरगा उतरला. येफ्री लंगडत नव्हता की काही नव्हतं. सगळ्या माना डगआउटकडे, खेळाडूंच्या बसायच्या जागेकडे, वळल्या. आधी प्रशिक्षकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग एकेक पोरगा उठला आणि त्याला मिठी मारायला लागला. चांगल्या खेळाडूला मध्येच बाहेर बसवलं आणि सगळ्यांनी मिठ्या मारल्या, तर जुलैअखेर त्याचा अर्थ आमच्या गावात कडेवरच्या पोरालाही कळतो. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. ऑर्विलही उभा राहिला. टाळ्या मात्र त्याला वाजवता येईनात.

"दिला," तो म्हणाला.

निघण्याआधी येफ्री बॅग घेऊन आमच्या कठड्यापाशी आला. मी कठड्यावरूनच त्याला मिठी मारली आणि सरळ रडायला लागले.

"मिस अर्डिस, रडता कशाला?" त्याचे डोळे चमकत होते. "त्यांनी स्टोडार्ड दिला. आख्खा स्टोडार्ड, माझ्या एकट्याच्या बदल्यात. आईला फोन केला तर ती गल्लीत नाचतेय."

आम्ही दोघं आठवडाभर सुतकात बसलो होतो, आणि पोरगा आनंदात होता. कुणीतरी विकतंय एवढंच आम्हाला दिसलं. कुणाला तरी आपण एवढे हवे आहोत, हे त्याला दिसलं होतं.

मग तो ऑर्विलकडे वळला. "खाली. बाहेरच्या बाजूला."

"बघितला," ऑर्विल म्हणाला.

"तुम्ही म्हणालात, मी एवढ्या किमतीचा नाही."

"अरे, तू जाऊ नयेस म्हणून तो..." मी मध्ये पडले.

"माहीत आहे, मिस अर्डिस. आमच्या खोलीत सगळ्यांना कळलं. सगळे हसले." त्याने बॅग खांद्यावर घेतली. "पण सगळ्या गावासमोर म्हणालात. मला आवडलं नाही."

बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. येफ्रीने ऑर्विलचा हात हातात घेतला, दाबला आणि गेला.

डॉमिनोची पेटी आमच्याकडेच राहिली. सोंगट्या ओसरीवर मांडल्या होत्या तशाच होत्या. मी आवरायला गेले तर ऑर्विल खेकसला, "राहू दे." संघाच्या माणसाने विचारलं, दुसरा पोरगा ठेवता का? ऑर्विल म्हणाला, बघू.

स्टोडार्ड पहिल्याच सामन्यात जिंकला. गावात लोक एकमेकांना बिअर पाजत होते. मंगळवारी ऑर्विलने फोन उचलला. या वेळी गॅरेजमध्ये गेला नाही, स्वयंपाकघरातच उभा राहिला. मी रेडिओ घेऊन ओसरीवर आले आणि माझ्या फोनवरून येफ्रीला लावला. तो तिकडे पश्चिमेत, डोंगरातल्या कुठल्याशा गावात पोहोचला होता.

"गप्प बस आणि ऐक," मी म्हटलं, आणि फोन रेडिओला लावून धरला.

"ऑर्विल!" गस हसत होता. "मिळाला की रे तुझा पिचर. आता तरी खूश?"

"आपण फसलो, गस."

आवाज आधी स्वयंपाकघरातून यायचा, मग थोड्या वेळाने रेडिओतून. त्यामुळे मला सगळं दोनदा ऐकायला मिळालं.

"फसलो? अरे, स्टोडार्डने काल कुणाला बॅट लावू दिली नाही."

"स्टोडार्ड चांगलाच आहे. पण आपण येफ्री दिला. मागच्या मंगळवारी मी खोटं बोललो. खालचा, बाहेरचा बॉल तो कुंपणाबाहेर मारतो, आख्ख्या बेंडने बघितलंय. माझ्याआधी उठतो. जेवला की ताटली धुतो. डॉमिनोत मला महिनाभर हरवलं आणि एकदाही मुद्दाम हरला नाही. असा पोरगा देताना एक पिचर काय घेता? स्वस्तात दिला, गस. फार स्वस्तात."

माझ्या फोनमधून येफ्रीने नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग तो हसायला लागला.

"मिस अर्डिस, त्यांना सांगा, पुरे. एवढा भाव वाढवलात तर हे लोक मला पुढच्या जुलैत विकून टाकतील."

मी ते तिथूनच ओरडून सांगितलं. ऑर्विलने गसचा फोन वाक्य अर्धवट टाकून ठेवला, जे त्याने जन्मात कधी केलं नव्हतं. ओसरीवर आला, मांडलेल्या सोंगट्यांपाशी बसला आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"विकू देत," तो म्हणाला. "खोली रिकामीच ठेवलीय."