बरणीतलं एकेचाळिसावं लेकरू

जुनी आहे मी, मित्रांनो, आणि बरणी आहे. जाड काचेची, पाच किलोची, पत्र्याच्या झाकणाची. तुमच्या दुकानांत आता सगळं पुड्यांत लटकलेलं असतं, त्यामुळे मला तुम्ही ओळखणार नाही. राग नाही माझा. तुमच्या आईबापांना विचारा, ते ओळखतील.

माझा जन्म दूर उत्तरेत एका काचेच्या कारखान्यात झाला. भट्टीतून निघाले तेव्हा लालबुंद होते म्हणे. मला फक्त गवताचा पेंढा आणि मालगाडीचे हिसके आठवतात. खामगावच्या घाऊक बाजारातून उत्तमरावांनी मला उचललं आणि डोणगावच्या आपल्या किराणा दुकानात फळीच्या अगदी पुढे मांडलं. लिमलेटच्या गोळ्या होत्या माझ्या पोटात, केशरी आणि पिवळ्या. सकाळचं ऊन आलं की माझ्यातून जमिनीवर रंग पडायचा आणि शाळेची पोरं त्यात पाय ठेवून उभी राहायची. "ते मोठ्या बरनीतली द्या" असं म्हणत. बाकीच्या बरण्या माझ्यावर जळत, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं.

मग प्लॅस्टिक आलं. हलकं, स्वस्त, पडलं तरी न फुटणारं. मला मागच्या खोलीत उंच फळीवर टाकलं. पोटात सुतळीचे तुकडे आणि गंजलेले खिळे. सहा वर्षं माझ्यावरची धूळ कुणी पुसली नाही. तो काळ मी फार सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही.

उत्तमरावांची एकुलती एक लेक निशिगंधा. ती अमरावतीला प्राणिशास्त्रात संशोधन करायला लागली होती आणि तिचा विषय होता कोळी. एका श्रावणात ती घरी आली, स्टूल घेऊन फळीवर चढली, मला खाली उतरवलं, तीनदा धुतलं आणि माझ्या झाकणाला खिळ्यानं बारीक भोकं पाडली. मी मनातल्या मनात शिव्या दिल्या. मग तिनं माझ्यात ओली माती घातली, वर सागाची वाळकी पानं घातली, आणि त्या पानांवर बोराएवढी एक पांढरी पिशवी ठेवली.

"हे काय हाय?" दारातून चांगुणाबाईंनी विचारलं. चांगुणाबाई म्हणजे निशिगंधाची आई.

"अंडे हाय, माय. कोळ्याचे. ज्ञानगंगेच्या जंगलात दगड उचलला त सापडले. हे जात जाळं नाई विनत. पायी हिंडते, झडप घालते. इखारी हाय."

"इखारी? आन् तू घरात आनलं? दुकान हाय आपलं, पोरी. एखादं बाहेर निंघालं त गिऱ्हाईक पाय नाई ठेवनार."

उत्तमराव गल्ल्यावरूनच म्हणाले, "ठेवू दे वं. कोनी मांगितलं त पावशेर तोलून देऊ."

निशिगंधा हसली नाही. तिनं दोघांना बसवून समजावलं. चावली तर विंचवासारखी आग होते, म्हणून झाकण हातानं उघडायचं नाही, लांब चिमटाच वापरायचा. अशी कोळीण आपल्या भागात कुणी नोंदलेली नसावी असं तिला वाटत होतं. पण पिल्लांवरून ते कळत नाही. मादी पूर्ण वाढली की तिच्या पोटाखाली भिंगातून एक खूण दिसते, आणि जात ओळखायची ती त्या खुणेवरूनच. म्हणजे यातली एक तरी मादी मोठी व्हायला हवी, नाहीतर दोन वर्षांचं काम पाण्यात.

"यायची माय कुठी हाय मंग?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"दगड उचलल्याबरोबर पळाली. पिशवी टाकून."

 दुसऱ्या दिवसापासून चांगुणाबाई पाणी शिंपडायची बाटली स्वतः भरून ठेवू लागल्या.

पिशवी फुटली तेव्हा माझ्या काचेवर खसखशीएवढे जीव चढले, किती ते मोजता आले नाहीत. चार दिवस ती गुण्यागोविंदानं राहिली आणि पाचव्या दिवशी एकमेकांना खाऊ लागली. निशिगंधानं घाईघाईनं एकेकाला मऊ कुंचल्यानं उचलून औषधाच्या रिकाम्या डब्यांत वेगळं केलं. साठ डब्या भरल्या. मी रिकामी झाले असं तिला वाटलं. तिसऱ्या दिवशी मला धुवायला घेतलं तर सागाच्या पानाच्या सुरळीत एक पिल्लू बसलेलं.

"राहू दे तिले तिथीच," चांगुणाबाई म्हणाल्या. "तिनं आपलं घर धरलं."

मित्रांनो, गोळ्या-बिस्किटं पोटात बाळगणं वेगळं आणि जीव बाळगणं वेगळं. गोळी काचेवर चालत नाही. हिचे आठ पाय माझ्या आतल्या अंगावरून फिरायचे आणि मला गुदगुल्या व्हायच्या. पिकल्या केळ्यावरच्या चिलटांवर ती वाढली, मग रातकिड्यांवर. मोठं व्हायचं म्हणजे जुनी कातडी सोडायची. दर वेळी आधी चारपाच दिवस ती खाणं टाकायची, मग एका धाग्याला उलटी लोंबकळायची आणि जुन्या कातडीतून पाय उपसून बाहेर यायची. त्या वेळी तिला जरा जरी धक्का लागला तरी पाय वाकडा व्हायचा किंवा जीवच जायचा. डब्यांतली वीसेक पिल्लं अशीच गेली. वर्ष सरलं तेव्हा चाळीस उरली होती, आणि माझ्यातली एकेचाळिसावी. आता ती औषधाच्या डबीत मावेनात, म्हणून निशिगंधानं दुकानातल्या प्लॅस्टिकच्या बरण्या आणल्या. माझ्या वैरिणी. एका फळीवर त्यांच्यासोबत राहावं लागलं, आणि काय सांगू, वाईट नव्हत्या त्या.

ते माझे सगळ्यात चांगले दिवस होते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मायलेकी फळीसमोर तांदळाच्या पोत्यावर बसायच्या. जिला पाहून चांगुणाबाई पदर तोंडाला लावायच्या, तिलाच आता "आज रुसली का वं" म्हणून विचारायच्या. उत्तमरावही चहाची बशी घेऊन यायचे आणि दारातच उभे राहायचे. आत यायची त्यांची छाती नव्हती.

भादव्यात निशिगंधाला वीस दिवसांसाठी अमरावतीला जावं लागलं. रातकिड्यांची बादली, चिमटा, पाण्याची बाटली, सगळं तिनं आईच्या हवाली केलं. "चौथ्या दिवशी एकेक किडा. बस." चांगुणाबाईंनी मान हलवली. कुणी काही सोपवलं की त्या जरा उंच दिसायच्या.

आठवड्याभरात रातकिड्यांच्या बादलीला मुंग्या लागल्या आणि एका सकाळी सगळी बादली साफ. चांगुणाबाई हातावर हात ठेवून बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी गाळणीचं फडकं घेतलं आणि गावालगतच्या कपाशीच्या वावराकडे गेल्या. तासाभरात परतल्या त्या हसतच.

"पाहा," त्या उत्तमरावांना म्हणाल्या, "एरवी नाकतोडा हाती लागते का कोनाच्या? आज नुसते उचलले म्या. पानावर बसून होते गुपचूप."

त्या संध्याकाळी त्यांनी एकेका बरणीत एकेक नाकतोडा सोडला, चिमट्यानं, न चुकता. माझ्यातही सोडला. माझी पोर मात्र तीन दिवसांपासून खात नव्हती. ती पानामागे सरकून बसली. नाकतोडा तिच्या पुढ्यातच पडून राहिला.

सकाळी चांगुणाबाईंनी खिडकी उघडली आणि पहिल्या बरणीपाशीच थांबल्या. मग दुसरी. मग तिसरी. आठही पाय पोटाशी ओढलेले. काही अजून थरथरत होती. त्या एकेक बरणी उचलून उजेडात धरत गेल्या आणि खाली ठेवत गेल्या. चाळीस झाल्यावर माझ्याकडे आल्या. माझ्यातली तशीच पानामागे बसलेली होती, हलती. आणि तिच्यासमोरचा नाकतोडा मेलेला होता.

चांगुणाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "याले त कोनी खाल्लं नाई," त्या हळू म्हणाल्या. "मंग हा काऊन मेला?"

त्यांनी कालचं फडकं शोधलं आणि नाकाशी नेलं. फवारणीच्या औषधाचा वास होता. नाकतोडे धरले त्याच्या आदल्या संध्याकाळी त्या वावरात फवारा मारलेला होता, आणि ते हाती लागले ते म्हणूनच.

त्यांनी चिमट्यानं माझ्यातला नाकतोडा काढला, पानं काढली, वरची माती खरवडून काढली, नवी घातली. पोरीला धक्का लागू दिला नाही. मग त्या पोत्यावर बसल्या. उत्तमराव आत आले, पहिल्यांदाच आत आले, आणि बायकोजवळ खाली बसले.

रोज संध्याकाळी निशिगंधाचा फोन यायचा. "माय, कसे हाय सारे?"

"बरे हाय," चांगुणाबाई म्हणायच्या, आणि फोन ठेवून माझ्याकडे यायच्या. आता त्यांचा सगळा जीव त्या एकीवर होता. पण ती पाणी घेईना, किडा घेईना. घरातलं, बिनऔषधाचं झुरळ दिलं, तेही परत काढावं लागलं. निशिगंधा गेल्यापासून दहाव्या दिवशी सकाळी त्यांनी पाहिलं तर ती धाग्याला उलटी लोंबकळत होती, पाय आखडलेले, न हलता.

मला कळत होतं. वर्षभर माझ्याच पोटात ती नऊदा अशी लोंबकळली होती. चांगुणाबाईंनीही पूर्वी पाहिलं होतं, पण चाळीस मेलेली पाहिलेल्या डोळ्यांना आता पाय आखडलेला कोळी म्हणजे मेलेलाच दिसत होता. त्यांनी झाडूची काडी घेतली आणि झाकणाच्या भोकातून आत घातली, जिवंत आहे का ते पाहायला. मी ओरडू शकले असते तर त्या दिवशी ओरडले असते. काडी तिच्यापासून बोटभर अंतरावर आली, आणि चांगुणाबाई थांबल्या.

"नको," त्या म्हणाल्या. "माह्या हातानं आता काहीच नको."

त्यांनी काडी काढून घेतली आणि समोर बसून राहिल्या. स्वयंपाक राहिला. उत्तमरावांनी हाक मारली तरी उठल्या नाहीत. दुपारी जुनी कातडी पाठीवर उकलली आणि आतून एक पाय बाहेर आला, फिका आणि ओला. मग दुसरा. चांगुणाबाईंनी तोंडावर पदर धरला आणि रडू लागल्या, आवाज न करता. रडण्याच्या हादऱ्यानंही तिला इजा होईल अशी भीती वाटत असावी त्यांना.

निशिगंधा आली त्या दिवशी चांगुणाबाई दारातच उभ्या होत्या. तिला पाणीसुद्धा देण्याआधी त्यांनी सांगितलं.

"चाळीस मेले, पोरी. म्या मारले. फवारलेल्या वावरातले किडे आनून घातले. रोज तुले खोटं सांगितलं."

निशिगंधा बॅग खांद्यावर तशीच ठेवून आत आली. धुऊन उपड्या घातलेल्या चाळीस बरण्या पाहिल्या.  अंधारायच्या आधी तिनं मला उचललं, वर धरलं आणि काचेवर चढलेल्या माझ्या पोरीच्या पोटाखालची खूण बाहेरून भिंगानं पाहिली.

"मादी हाय," ती म्हणाली. "पुरी झाली."

दुसऱ्या दिवशी तिच्या मार्गदर्शक सरांचा फोन आला. एकच उरली आहे तर वेळ घालवू नका, आजच स्पिरिटमध्ये टाका आणि पाठवा. नोंद करायची तर नमुना हातात लागतो. फोन ठेवून निशिगंधा आईपुढे बसली. स्पिरिट म्हणजे काय ते चांगुणाबाईंना विचारावं लागलं नाही.

"तुह्यं काम हाय," त्या म्हणाल्या. "मले बोलाले तोंड नाई. पन चाळीस मेले ते मले ठाऊक नव्हतं म्हनून मेले. हिचं तुले ठाऊक हाय."

निशिगंधानं सरांना काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. ती बाहेर ओट्यावर जाऊन बोलली, बराच वेळ. आत आली तेव्हा डोळे लाल होते. "आपोआप मरेपर्यंत थांबाचं म्हनलं म्या. सर नाराज हाय. वर्ष जाईन माह्यं."

वर्ष नाही, दहा महिने गेले. चांगुणाबाईंनी रातकिड्यांची नवी बादली घरीच केली, मुंग्या लागू नयेत म्हणून पाण्याच्या परातीत ठेवून. आषाढात एका सकाळी माझी पोर माझ्या तळाशी, पानावर, शांत पडलेली दिसली. तिच्या आठही पायांचा सवयीचा भार माझ्या काचेवर नव्हता, आणि तो नसणं मला अजून खुपतं.

मग निशिगंधानं तिला छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवलं. अशा बाटलीत एक चिठ्ठी घालतात: कुठे सापडली, कधी सापडली, कुणी शोधली, कुणी वाढवली. निशिगंधा बारीक अक्षरात लिहीत होती. चांगुणाबाई खांद्यावरून वाकून वाचत होत्या आणि शेवटच्या ओळीशी अडल्या.

"माह्यं नाव काऊन लिवलं वं? म्या त मारले."

"वाढवलं कोनी ते लिवा लागते, माय. खोटं लिवू का?"

मी आता पुन्हा मागच्या खोलीत आहे. धूळ बसते, आणि चांगुणाबाई ती पुसतात. शेजारची पोरं कधी चिमणीच्या पिल्लाला, कधी कुत्र्याला भरवायला काहीबाही घेऊन येतात. चांगुणाबाई आधी तो घास हातात घेतात, नाकाशी नेतात आणि विचारतात, "कुठून आनलं हे?" पोरांना वाटतं, म्हातारी उगाच चौकशा करते.

मित्रांनो, तुमच्याही हवाली कधी एखादा जीव होईल. तेव्हा प्रेमानं भरवाच. पण घास पुढे करण्याआधी तो कोणत्या वावरातून आला हे विचारा. चांगुणाबाईंनी विचारलं नाही तेव्हा त्यांचं प्रेम काही कमी नव्हतं.