अर्ध्या कोर्टाने मला धरून ठेवलं

मी चेंडू बोलतोय. टेनिसचा, पिवळा, एके काळी चांगला केसाळ. पण माझ्याकडे बघून रॅकेट शोधायला धावू नका. आजवर मला घेऊन कुणी सर्व्हिस केलेली नाही की माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवलेल्या नाहीत. मी मोजणीचा चेंडू. कोर्ट जलद आहे की मंद, हे ज्याला आपटून ठरवतात ना, तोच मी.

जन्म कारखान्यातला. रबराच्या दोन वाट्या एकमेकींना चिकटवल्या, आत हवा कोंडली, वरून लोकरीचं कापड चढवलं. भाऊबंद ढिगाने होते. मग सुरू झाली निवड. कुणाचं वजन जरा जास्त, कुणाची उसळी जरा कमी, ते सगळे गेले खेळायला. सगळ्या बाबतीत अगदी मधले असे आम्ही थोडेच उरलो आणि आम्हाला वेगळ्या डब्यात घातलं. मला वाटलं, चला, नशीब उघडलं! कसलं काय. डब्याचं झाकण उघडलं ते चाचणीवाल्या मॅडमनी.

मॅडम कमी बोलणाऱ्या आणि हवा किती तापलीय ते बघितल्याशिवाय कामाला हात न लावणाऱ्या. त्यांच्याकडे तीन पायांचं एक यंत्र आहे. ते मला जमिनीच्या अगदी जवळून, तिरकं, जीव खाऊन फेकतं. आपटण्याआधी माझा वेग किती होता आणि आपटल्यावर किती उरला, हे दोन बाजूंना ठेवलेले यंत्राचे डोळे टिपतात. जमिनीने मला किती धरलं आणि किती सोडलं, सगळा प्रश्न एवढाच.

तुम्हाला सांगतो, जमिनींचेही स्वभाव असतात. लाल मातीचं कोर्ट म्हणजे निघतो म्हटलं तरी दारात हात धरून बोलत राहणारी मावशी. तिथे माझा वेग पार मरतो, मी उंच उडतो आणि समोरच्या खेळाडूला पोचायला भरपूर वेळ मिळतो. असं कोर्ट मंद. गवताचं कोर्ट मात्र आलास, बरं, नीघ, अशा वळणाचं. तिथे मी खालून सुळकन निसटतो. ते जलद. या दोघांच्या मध्ये मध्यम-मंद, मध्यम आणि मध्यम-जलद. असे एकूण पाच वर्ग. माणसं मात्र या पाचांवरून रडताना आणि भांडताना मी पाहिली आहेत.

त्यातलंच एक कोर्ट सांगतो. निळं, नवंकोरं, अजून कुणाचा बूट न लागलेलं. अशा कोर्टाच्या रंगात बारीक वाळू मिसळतात. वाळू जास्त पडली की जमीन खरखरीत होते आणि चेंडूला धरते, कमी पडली की निसटू देते. सगळी कला त्या मिश्रणात. हे काम एका घरचं होतं. बापाला सगळे मुकादम म्हणायचे आणि मुलीला धाकटी. मुकादमांनी आयुष्यभर कोर्टं केली. पण आजारपणात त्यांचा उजवा हात लुळा पडला, आणि मग हे पहिलं अख्खं काम धाकटीने केलं. मिश्रण तिचं आणि लांब दांड्याच्या वायपरने रंग ओढणंही तिचंच. क्लबच्या सेक्रेटरींनी आधीच सांगून ठेवलं होतं, "मला मध्यम हवंय. मध्यम निघालं तर पुढची कोर्टंही तुलाच देईन. नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल."

मॅडमनी यंत्र लावलं. जाळीच्या पलीकडची बाजू आधी झाली. मध्यम! धाकटीने इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला. मग अलीकडची बाजू. मी आपटलो आणि जमिनीने मला असं काही धरलं की मीच चपापलो. मॅडमनी जागा बदलली, पुन्हा फेकलं. आणखी एक जागा घेतली. सगळीकडे तेच.

"ही बाजू मध्यम-मंद आहे," मॅडम म्हणाल्या. "एक वर्ग खाली."

"एकाच कोर्टाचे दोन वेग? खेळाडू हसतील मला!" सेक्रेटरी तडकले. "पोरीच्या हातात काम दिलं की हे असं होतं."

"मी दोन्ही बाजूंच्या रंगाच्या ड्रमांत वाळूचं सारखंच माप टाकलं होतं, साहेब," धाकटी म्हणाली. मग तिने एकदा त्या बाजूकडे बघितलं, एकदा आपल्या हातांकडे बघितलं, आणि तिचा आवाज बारीक झाला. "टाकलं होतं असं वाटतंय तरी. माझंच चुकलं असेल."

मुकादम खांबाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. हे ऐकलं आणि ते कसेबसे उठले.

"तिचं नाही चुकलं. ती डबा खायला गेली होती, तेव्हा या बाजूच्या ड्रमात मी वरून घमेलंभर वाळू टाकली. डाव्या हाताने. आणि ढवळूनही ठेवलं."

"काय?" धाकटी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"पातळ वाटलं गं मला. आजवर प्रत्येक मिश्रणात शेवटचं घमेलं मीच टाकत आलोय. कुणी घसरून पडलं असतं तर तुझ्यावर आलं असतं."

"अहो बाबा, मग मला विचारायचं ना!"

"विचारायची सवय नाही राहिली."

"मला चुकू द्यायचं होतं! माझी मी चुकले असते, निस्तरलं असतं. आत्ता सगळ्यांसमोर मला माझ्याच हातांचा संशय आला. कळतंय का तुम्हाला?"

मुकादमांनी मान खाली घातली. मला त्यांची दया आली आणि रागही आला, खरं सांगतो. सेक्रेटरी काहीतरी बोलणार होते, पण मॅडमनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी नुसती मान डोलावली. शेवटी ती बाजू पुन्हा करून द्यायची आणि पुन्हा तपासायची, असं ठरलं.

त्याच दिवशी माझी नोकरी संपली. माझे केस झडले होते आणि टकल्या चेंडूची मोजणी कुणी खरी मानत नाही. मॅडम मला बाजूला टाकणार, तेवढ्यात धाकटी म्हणाली, "टाकताय तर मला द्या. बाबांना हात दाबायला चेंडू हवाय, डॉक्टरांनी सांगितलंय." बापाशी मात्र ती त्यानंतर एक शब्दही बोलली नव्हती. तिने मला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि तशीच निघून गेली.

ती बाजू तिने घासली आणि नव्याने रंगवली. तेवढे दिवस मुकादमांची खुर्ची कुंपणाबाहेर होती. ड्रमाकडे फिरकायचं नाही, असा धाकटीचा हुकूमच होता. ते बाहेर बसून मला दाबायचे आणि पुटपुटायचे, "पातळ वाटतंय... पातळच वाटतंय." पण जागचे हलले नाहीत. त्या माणसाला हे किती जड गेलं असेल, ते मला त्यांच्या बोटांवरून कळत होतं.

मॅडम पुन्हा आल्या. माझ्या जागी तरणाताठा चेंडू होता. हेवा वाटला, नाही कशाला म्हणू? यंत्राचा खाडकन आवाज झाला की मुकादम मला दाबत. बरा हातही माझ्यावर आणि लुळा हातही माझ्यावर. शेवटी मॅडम म्हणाल्या, "मध्यम. दोन्ही बाजू." मुकादमांचे डोळे भरून आले. धाकटी कुंपणापाशी आली, म्हणाली, "चला घरी. जेवायची वेळ झाली." कितीतरी दिवसांनी ती त्यांच्याशी एवढं बोलली.

आता मी त्यांच्या घरात खिडकीत असतो. माझ्यातली हवा गेलीय, रंग उडालाय. रोज सकाळी मुकादम मला उजव्या हातात घेतात. बोटं हळूहळू वळायला लागली आहेत. तुमच्या घरी असा कुणी म्हातारा चेंडू पडला असेल तर लगेच कचऱ्यात घालू नका बाबांनो, अजून काय करशील, ते त्याला विचारून बघा.

कालची एक गोष्ट सांगतो आणि तुमचा निरोप घेतो. मुकादम मला दाबत बसले होते आणि धाकटी समोर बसून बुटांवरचा निळा रंग खरवडत होती. फोन वाजला, मुकादमांनी उचलला. पलीकडचा माणूस मोठ्या आवाजाचा होता, मलासुद्धा ऐकू आलं.

"नवीन कोर्ट करायचंय. मुकादम आहेत का?"

"आहेत की," मुकादम म्हणाले. "थांबा हं, देतो."

आणि त्यांनी फोन धाकटीच्या हातात दिला.