लाल शाईचं कार्ड

हिंगणघाटच्या वाचनालयातलं पुस्तक दडपून बसणाऱ्याला एकच धास्ती असे, कोकिळाताईंच्या लाल शाईच्या कार्डाची. मुदत टळली की ताई पोस्टकार्डावर स्वतःच्या हातानं लिहीत, ‘मुदत संपली आहे. पुस्तक पाठवून द्यावे.’ कार्ड उघडंच, त्यामुळे पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत सगळे ते वाचत. मग पुस्तक निमूट परत येई.

असं कार्ड गावात कुणाला गेलं नाही ते विचारा. धनंजय सरांना मात्र कधीच गेलं नाही.

सर इथल्या शाळेत भूगोल शिकवायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे संध्याकाळी वाचनालयात येऊन बसायचे आणि बंद करायची वेळ झाली की ताईंसोबत खिडक्या लावायचे. बोलणं सगळं पुस्तकांचं. ताईंनी लग्न केलं नव्हतं. तेवढ्या बोलण्यावर त्यांचा दिवस गोड व्हायचा. मग सरांची कारंजा घाडग्याला बदली झाली. जाताना त्यांनी पक्ष्यांवरचं एक जाडजूड पुस्तक नेलं, त्याला आता चार वर्षं झाली. कार्ड टाकलं तर पुस्तक कुणाच्या तरी हाती परत येईल, खातं बंद होईल आणि सरांचं इथं काहीच उरणार नाही, ही ताईंची भीती. नियमाला पक्की अशी ही बाई त्या एका नावापाशी रोज नियम मोडत होती.

यंदा वाचनालयाचा कारभार इंटरनेटवर न्यायचं ठरलं आणि ताईंच्या मागे ऑनलाइन प्रशिक्षण लागलं. ‘आपापल्या गतीने शिका’ असं त्यावर लिहिलं होतं, ते बरंच होतं, कारण ताईंची गती बेताचीच. दुपारी वाचनालय रिकामं असलं की कानात हेडफोन घालून त्या धडा बघत, नाही कळला तर पुन्हा बघत. पडद्यावरची मुलगी कितीदाही विचारलं तरी कावत नाही, याचं त्यांना कौतुक होतं.

त्या दिवशी धडा होता स्मरणपत्रं पाठवण्याचा. आधी सरावाच्या पानावर करून बघा, असं ती मुलगी म्हणाली. ताईंनी मुदत टळलेल्या पुस्तकांची यादी उघडली. पहिलंच नाव धनंजय सरांचं. सरावच तर आहे, म्हणून त्यांनी ते राहू दिलं. खरं सांगायचं तर ते नाव बघून जिवाला बरं वाटलं. मग त्यांनी ‘पाठवा’ दाबलं.

तेवढ्यात शिपाई कवडू मोबाईल घेऊन आला.

“ताई, मले वाचनालयाचा मॅसेज आला. पुस्तक आणून द्या म्हणते.”

ताईंनी पडद्याकडे पाहिलं. पान सरावाचं नव्हतंच. यादीतल्या सगळ्यांना, सरांनाही, खरोखरचे मेसेज गेले होते. पाठवलेलं परत कसं घ्यायचं, हे त्या मुलीनं शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून लोक खाली मान घालून पुस्तकं आणू लागले. दार वाजलं की ताई आधी येणाऱ्याच्या हाताकडे बघत. पक्ष्यांचं पुस्तक आलं नाही. फोन आला. मागे हायवेवरच्या ट्रकांचा आवाज होता.

“ताई, धनंजय बोलून राह्यलो. मॅसेज भेटला तुमचा.”

“तो मशीननं पाठवला, सर. चुकून गेला.”

“मंग ठीक आहे. मले वाटलं, तुम्हीच पाठवला. चार वर्षं तुमच्या कार्डाची वाट पाह्यली. पुस्तक त्याच्यासाठीच तं ठेवलं. साऱ्या गावाले लिवलं, मले काऊन नाई?”

“लिवलं असतं तं पुस्तक वापस आलं असतं, सर.”

“मंग आता पाठवू का?” सरांनी हळूच विचारलं.

“कार्ड येऊ द्या,” ताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

ड्रॉवरमध्ये एक पिवळं पडलेलं पोस्टकार्ड सापडलं. लाल पेन वाळला होता, तो हातावर घासून घासून चालता केला. पत्ता पाठच होता. मग लिहिलं, ‘पुस्तक पाठवू नये. स्वतः यावे.’ पोस्टमनपासून सगळे वाचणार, हे ठाऊक असूनही ताई ते कार्ड स्वतः पेटीत टाकून आल्या.